तेरा तारा आणि वसंतातला समुद्र

जपानात नवीन वर्षाच्या सुमारास राहिलेल्या प्रत्येकाने एक धून ऐकलेली असतेच, तिचं नाव माहीत असो वा नसो. डिपार्टमेंट स्टोअर, टीव्ही, हॉटेलची लॉबी, कोपऱ्यावरचं सुपरमार्केट, एक जानेवारीच्या आसपास जाल तिथे ती वाजत असते. आधी तारवाद्यावर लाटांसारखे सूर वर-खाली होतात आणि मग बासरीसारखं काहीतरी त्यांच्यावरून अलगद तरंगत जातं. ऐकणाऱ्याला वाटावं, ही नक्कीच कुठल्यातरी जुन्या राजदरबारातली, पाचशे-हजार वर्षांपूर्वीची रचना असणार.

प्रत्यक्षात ही धून १९२९ सालची आहे. म्हणजे आपली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात निघाली, त्याच वर्षीची! तिचं नाव ‘हारु नो उमी’, म्हणजे ‘वसंतातला समुद्र’. आणि ती रचणारा माणूस होता मिचिओ मियागी, परदेशी लोकांच्या वस्तीत जन्मलेला, लहानपणीच दृष्टी गेलेला, आणि घडत्या वयात मायदेशाबाहेर राहिलेला.

मी काही संगीतातला जाणकार नाही. शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं आणि पोटापाण्याचा उद्योग आयटी कन्सल्टिंगचा. पण टोकियोत राहता राहता या माणसाच्या मागे लागलो आणि त्याची गोष्ट जसजशी कळत गेली, तसतसं वाटायला लागलं की ही आपल्यासारख्या, देश सोडून राहणाऱ्या मंडळींनी ऐकायलाच हवी. म्हणून हा लेख.

मिचिओचा जन्म ७ एप्रिल १८९४ चा, कोबे शहरातला. मूळ आडनाव सुगा, मियागी हे नंतरचं. कोबे हे बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालेलं होतं आणि तिथे युरोपियन-अमेरिकन व्यापाऱ्यांसाठी वेगळी वस्ती वसवलेली होती. त्या वस्तीतच हा मुलगा जन्मला. वर्षाचा व्हायच्या आधीच डोळ्यांचं दुखणं सुरू झालं. आई लवकर दुरावली, आजीने वाढवलं. सात-आठ वर्षांचा होईतो दिसणं जवळजवळ बंद झालं आणि डॉक्टरांनी आशा सोडली.

आता अशा मुलाचं करायचं काय? त्या काळच्या जपानात या प्रश्नाला एक तयार उत्तर होतं. पूर्वी तिथे अंध पुरुषांचा एक संघ असे. त्याला सरकारची मान्यता होती. कोतो-शामिसेन वाजवणं आणि शिकवणं, अंगमर्दन आणि सुया टोचून उपचार करणं हे त्यांचे व्यवसाय. संघात चढत्या पदव्या असत आणि वरच्या पदवीला ‘केंग्यो’ म्हणत. १८७१ मध्ये सरकारने हा संघ मोडला, पण परंपरा काही एका फर्मानाने संपत नाही. १९०२ मध्ये आठ वर्षांच्या मिचिओला कोबेतल्याच नाकाजिमा केंग्यो यांच्याकडे कोतो शिकायला घातलं. मुलगा असा तयार झाला की अकराव्या वर्षी त्याला शिकवण्याचा परवाना मिळाला.

ज्यांनी कोतो जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पावलोनिया नावाच्या हलक्या झाडाचा, साधारण सहा फूट लांबीचा पोकळ ओंडका. त्यावर तेरा तारा. प्रत्येक तारेखाली एक सुटी घोडी असते, ती पुढे-मागे सरकवून सूर लावायचा. उजव्या हाताच्या तीन बोटांत नख्या घालून तार छेडायची. डाव्या हाताने घोडीच्या पलीकडे तार दाबली की सूर चढतो. म्हणजे आपल्या सतारीवरच्या मींडेच्या जवळपासचा प्रकार. जपानी संगीतातली एक फार लाडकी स्वरावली म्हणजे सा, कोमल रे, मध्यम, पंचम, कोमल धैवत. जाणकारांनी ओळखलं असेल, हे तर आपल्या गुणक्रीचे सूर! ‘साकुरा साकुरा’ हे इथल्या पोरासोरांना येणारं गाणं याच सुरांत आहे.

मिचिओचे वडील नशीब काढायला कोरियात गेले होते. १९०७ मध्ये तेरा वर्षांचा मिचिओ त्यांच्याकडे इंचॉन बंदरात गेला. वडील चोरांच्या हल्ल्यात जखमी झालेले, काम करण्याच्या अवस्थेत नाहीत. घर चालवायची जबाबदारी येऊन पडली या अंध मुलावर. दिवसा तो कोतो शिकवायचा आणि रात्री शाकुहाची. शाकुहाची म्हणजे बांबूची उभी बासरी, पाच भोकांची. ज्या वयात आपली मुलं सातवी-आठवीत असतात, त्या वयात हा घरातला कमावता माणूस!

इथेच त्याच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट घडली असं मला वाटतं. गुरू समुद्रापलीकडे राहिले होते. शिकून झालेल्या रचना वाजवून वाजवून संपल्या. नवीन शिकवणारं कुणी नाही. मग करायचं काय? एकदा धाकट्या भावाने शाळेच्या पुस्तकातल्या कविता मोठ्याने वाचल्या. पाण्याच्या सात रूपांवरच्या कविता होत्या त्या: धुकं, ढग, पाऊस, बर्फ, गारा, दंव आणि हिमकण. मिचिओने त्या ऐकून स्वतःच संगीत रचलं. ही त्याची पहिली रचना, १९०९ सालची. वय वर्षं चौदा. कोतो वाजवणारे लोक ती आजही वाजवतात.

म्हणजे बघा, तो कोबेतच गुरूंजवळ राहिला असता तर कदाचित एक उत्तम वादक झाला असता, शंभरातला एक. परंपरेपासून तुटला म्हणून रचनाकार झाला. घरापासून लांब असल्याचं आपण नेहमी नुकसानच मोजतो. त्यातून काही नवं निघू शकतं, हे मोजायचं राहून जातं.

त्या वेळी कोरियावर जपानचा अंमल बसत चालला होता. तिथले पहिले रेसिडेंट जनरल हिरोबुमी इतो यांनी या मुलाचं वादन ऐकलं आणि त्याला टोकियोला नेऊन पुढे आणण्याचं आश्वासन दिलं. पण ऑक्टोबर १९०९ मध्ये हार्बिन स्टेशनवर आन जुंग-गुन या कोरियन तरुणाने इतोंना गोळ्या घातल्या. आपला देश गिळला जात असताना शस्त्र उचलणारा आन कोरियात आज राष्ट्रवीर आहे. इतिहास असाच असतो. एका देशाच्या स्वातंत्र्याच्या गोष्टीत एका अंध मुलाचं टोकियोचं तिकीट हरवलं. पुढे तो सोलमध्ये नावारूपाला आला, पण टोकियो गाठायला १९१७ साल उजाडलं.

टोकियोने त्याचं स्वागत वगैरे काही केलं नाही. आल्यावर थोड्याच दिवसांत पहिली पत्नी आजारपणात गेली. पैशांची ओढाताण होती. राजधानीतल्या कोतोच्या घराण्यांना कोरियाहून आलेल्या या तरुणाचं विशेष कौतुक नव्हतं. तरी १९१९ मध्ये मियागींनी केवळ स्वतःच्या रचनांची मैफल केली. १९२० मध्ये पाश्चात्त्य पद्धतीचे संगीतकार नागायो मोतोओरी यांच्याबरोबर एक मोठा कार्यक्रम केला. त्यातून ‘नवीन जपानी संगीत’ हे नाव आणि त्या नावाची चळवळ सुरू झाली.

त्या वेळची परिस्थिती लक्षात घ्या. सरकारने शाळांतून पाश्चात्त्य संगीत आणलं होतं. शिकलेल्या लोकांना पियानो म्हणजे प्रगती आणि कोतो म्हणजे जुनंपुराणं वाटायचं. उलट घराण्यातले लोक आपल्या रचनेतला एक सूरही इकडचा तिकडे होऊ देत नव्हते. मधल्यामध्ये नवीन पिढी कोतोपासून दूर चालली होती. मियागींचं म्हणणं थोडक्यात असं, की वाद्य जिवंत ठेवायचं तर त्याने आजच्या माणसाशी बोललं पाहिजे.

पण बोलायचं कसं? आमच्या धंद्यात जुनी सिस्टिम आणि नवी सिस्टिम जोडायची वेळ आली की खरी गंमत कळते. दोन्ही आपापल्या जागी उत्तम चालतात, भांडण होतं ते सांध्यावर. इथेही तसंच होतं. कोतोचा आवाज नाजूक, तार छेडली की क्षणात विरून जाणारा. ऑर्केस्ट्रात पन्नास वाद्यं एकदम वाजली की तो बुडालाच. पाश्चात्त्य रचना मध्येच पट्टी बदलते. कोतोच्या घोड्या मात्र एकदा लावल्या की लावल्या, वाजवता वाजवता किती सरकवणार? आणि खर्जाचा तर पत्ताच नाही. पाश्चात्त्य संगीताची सगळी इमारत खालच्या सुरांवर उभी, आणि कोतोच्या घराला तळमजलाच नाही!

मियागींनी एकेक प्रश्न हातात घेतला. १९२१ मध्ये संगीताचे अभ्यासक हिसाओ तानाबे यांचा सल्ला घेऊन त्यांनी सतरा तारांचं कोतो बनवून घेतलं. आकाराने मोठं, तारा जाड, आवाज खोल. तळमजला तयार झाला. हे वाद्य आज जपानी वाद्यवृंदात इतकं रुळलंय की ते कुणी ‘शोधलं’ होतं हे सांगावं लागतं.

१९२९ मध्ये ते आणखी पुढे गेले आणि तब्बल ऐंशी तारांचं कोतो बनवलं. पियानोच्या तोडीस तोड, त्यावर बाखचं संगीतसुद्धा वाजवता येईल असं. ते मात्र चाललं नाही. जाहीर मैफलीत ते फारसं वाजलंच नाही आणि पुढे युद्धात जळून गेलं. या दोन वाद्यांची मी मनाशी नेहमी तुलना करतो. सतरा तारांच्या वाद्याने कोतोची एक उणीव भरून काढली आणि ते कोतोच राहिलं. ऐंशी तारांचं वाद्य पियानो व्हायला निघालं होतं. पण पियानो तर आधीच होता की!

या दोन्हींच्या मधलं वर्ष १९२८. नव्या सम्राटांच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने मियागींनी हिदेमारो आणि नाओमारो या कोनोए बंधूंबरोबर कोतो आणि ऑर्केस्ट्रासाठी एक रचना केली. राजदरबारातल्या ‘एतेनराकु’ या अतिप्राचीन धुनेची ती रूपं होती. कोतो मध्यभागी, भोवती व्हायोलिन, चेलो आणि पाश्चात्त्य बासऱ्या. म्हणजे एक प्रकारचा कोतो कंचेर्टोच. जपानी वाद्य पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रासमोर बरोबरीने बसवण्याचे जे पहिले प्रयत्न झाले, त्यातला हा मोठा.

आणि मग आला ‘वसंतातला समुद्र’. जपानच्या राजवाड्यात दर नवीन वर्षी काव्यवाचनाचा समारंभ होतो आणि त्यासाठी एक विषय दिलेला असतो. १९३० चा विषय होता समुद्रकाठचा खडक. त्यावरून मियागींनी १९२९ च्या अखेरीस कोतो आणि शाकुहाचीसाठी ही जुगलबंदी रचली. होन्शू आणि शिकोकू या बेटांच्या मधला शांत समुद्र त्यांनी बोटीतून ओलांडला होता. त्याच समुद्राकाठचं तोमोनोउरा हे त्यांच्या वडिलांचं मूळ गाव. त्या प्रवासातलं जे मनात राहिलं ते या रचनेत उतरलं. आणि दृष्टी नसलेल्या माणसाच्या मनात काय राहणार? आवाज. किनाऱ्याला लागणाऱ्या लाटा, वल्ह्यांची लय, आणि पाखरांची साद.

पक्ष्यांचे आवाज कोतोला नवे नव्हते. एकोणिसाव्या शतकातल्या योशिझावा केंग्योंची ‘चिदोरी’ ही प्रसिद्ध रचना किनाऱ्यावरच्या चिखल्या पक्ष्यांवरचीच आहे. पण तिथे ते पक्षी कवितेतून आलेले, आदबशीर. मियागींनी आपल्या ललित लेखांतून पाखरं, किडे, पाऊस यांच्या आवाजांबद्दल खूप लिहिलं आहे. त्यांच्यासाठी पक्षी हा शोभेचा विषय नव्हता. सकाळ झाली, ऋतू बदलला, किनारा जवळ आला हे त्यांना कानांनीच कळायचं. ‘वसंतातला समुद्र’मध्ये कोतो लाटा होतो आणि शाकुहाची वरून साद घालते. ऐकणारे तिला सीगल म्हणून ओळखतात, आपल्या कोकण किनाऱ्यावरचे कुरव तेच. मध्यभागी लय वाढते आणि होडी वल्हवल्यासारखा भाग येतो. मग पुन्हा संथ लाटा. साधारण सात मिनिटांचा खेळ.

सुरुवातीला त्याचं फार काही झालं नाही. मग १९३२ मध्ये रने शमे ही फ्रेंच व्हायोलिनवादक जपानच्या दौऱ्यावर आली. तिला ही रचना इतकी आवडली की शाकुहाचीचा भाग तिने व्हायोलिनसाठी बसवला आणि टोकियोच्या हिबिया सभागृहात मियागींबरोबर वाजवला. टाळ्यांचा पाऊस पडला. दोघांची रेकॉर्ड निघाली, ती जपानबाहेर अमेरिका-युरोपातही गेली, आणि एक जपानी धून जगभर पोचली.

इथे मला एक तांत्रिक गंमत दिसते. पक्ष्याची साद एका सुरावर ठोकळ्यासारखी उभी नसते, ती घसरते, वळते. शाकुहाची वाजवणारा मान खाली-वर करून सूर असाच वळवतो. व्हायोलिनवर पडदे नसल्यामुळे बोट सरकवून तेच करता येतं. म्हणून बांबूच्या जागी व्हायोलिन आलं तरी पक्षी उडतच राहिला. पियानोने ही जागा घेतली असती तर? जमलं नसतं. दोन संस्कृतींचा मेळ बसवायचा तर वरवर काय सारखं दिसतं ते न बघता आतून काय जुळतं ते शोधावं लागतं. डोळ्यांनी दिसत नसलेल्या माणसाला ते लवकर सापडलं असेल का, हा विचार मनात येतोच.

पुढची वर्षं मानसन्मानाची होती. जपानात १९२५ मध्ये रेडिओ आला तेव्हापासून ते रेडिओवर वाजवत होते. पुढे रेडिओवरून कोतोचे धडेही दिले. १९३० पासून टोकियोच्या सरकारी संगीत विद्यालयात शिकवायला लागले आणि १९३७ मध्ये प्राध्यापक झाले. रचना ब्रेलमध्ये लिहीत. लेखक हयाक्केन उचिदा हा त्यांचा शिष्य आणि जिवलग मित्र. त्याच्या प्रोत्साहनाने मियागी लेखही सांगून लिहवून घेऊ लागले आणि १९३५ मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक निघालं. टीकाही होतच होती. पाश्चात्त्य संगीतवाल्यांना ते पुरेसे आधुनिक वाटत नव्हते, आणि घराणेवाल्यांना पुरेसे शुद्ध वाटत नव्हते. दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याला दोन्हीकडून बोलणी खावी लागतात, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

१९४५ च्या बॉम्बहल्ल्यात टोकियोतलं घर गेलं. ऐंशी तारांचं ते कोतो गेलं ते तेव्हाच. युद्धानंतर त्यांनी पुन्हा सगळं उभं केलं. १९५३ मध्ये, एकोणसाठाव्या वर्षी, ते जपानतर्फे युरोपला गेले. फ्रान्समधल्या बिआरिट्झला आणि स्पेनमधल्या पाम्प्लोनाला आंतरराष्ट्रीय लोकसंगीत महोत्सवात वाजवलं. लंडनमध्येही राहिले. इतर प्रवासी लंडनहून काय काय आणतात! मियागींनी आणली ‘लंडनच्या रात्रीचा पाऊस’ ही रचना. शहर दिसत नव्हतं, पण पाऊस ऐकू येत होता.

२४ जून १९५६ च्या रात्री ते टोकियोहून ओसाकाला निघाले. ओसाकात कान्साई सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर कार्यक्रम होता. गाडीचं नाव ‘गिंगा’, म्हणजे आकाशगंगा. सोबत नात्यातली एक शिष्या होती. पहाटे, सगळे झोपेत असताना, आइची प्रांतातल्या कारिया स्टेशनजवळ ते चालत्या गाडीतून खाली पडले. डब्याचं बाहेरचं दार त्यांनी चुकून दुसरं दार समजून उघडलं असावं, असं मानलं जातं. रुळांजवळ ते जखमी अवस्थेत सापडले, त्यांना इस्पितळात नेलं, पण सकाळी सातच्या सुमारास प्राण गेला. वय बासष्ट. ज्याने आयुष्यभर कानांच्या जोरावर जग ओळखलं, त्याला त्या रात्री गाडीच्या खडखडाटात दाराबाहेरचा वारा वेगळा ओळखू आला नाही. कोतो आणि ऑर्केस्ट्राची गाठ ओसाकात त्यांच्याविनाच राहिली.

कारियाला त्या जागेजवळ त्यांचं स्मारक आहे. टोकियोत कागुराझाकाजवळ, जिथे ते शेवटची वर्षं राहिले, तिथे १९७८ मध्ये त्यांचं स्मारक-संग्रहालय उघडलं. ज्या छोट्या स्वतंत्र खोलीत बसून ते रचना करत, ती खोलीही तिथे जपली आहे.

परदेशी राहणाऱ्या आपल्या घराघरांत एक वाद कायम चालू असतो. मुलीने भरतनाट्यम शिकावं की बॅले? मुलाने तबला घ्यावा की ड्रम्स? गणपतीच्या आरतीला कीबोर्ड चालेल का? आणि दर वेळी कुणीतरी म्हणतंच, की हे आपलं नाही. मियागींच्या काळातही हेच म्हटलं गेलं होतं. नवं नवं म्हणून ज्याला नावं ठेवली गेली, तेच आज जपानी लोकांना आपलं, अगदी अस्सल वाटतं. शंभर वर्षंसुद्धा लागली नाहीत. अर्थात याचा अर्थ काहीही कशातही मिसळलं की झालं, असा नाही. ऐंशी तारांची गोष्ट विसरू नका. मियागींनी आधी अकरा वर्षांच्या वयापर्यंत जुनं पक्कं आत्मसात केलं होतं. ते हातात होतं म्हणून पुढचं जमलं.

मियागी आणि शमे यांची १९३२ ची ती रेकॉर्ड आज सहज ऐकायला मिळते. आवाजात जुन्या तबकडीची खरखर आहे. या दिवाळीत फराळ आटोपल्यावर सात मिनिटं काढा आणि मुलांना घेऊन ऐका. सुरुवातीला लाटा येतात, त्या कोतोच्या. मग व्हायोलिन हळूच वर उडतं. मुलांना फक्त एवढंच विचारा, पक्षी कुठला आहे? जपानी की फ्रेंच?